कोर्टाची पुण्याई : लोकशाहीचा सामाजिक पाया आणि न्यायालयांची अधिमान्यता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्राचे आणि कायद्याचे विद्यार्थी हे प्रश्न विचारतात, अधूनमधून एखादा वैतागलेला पक्षकारही विचारतो. उत्तरं कमी-जास्त लांबीची आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी रेंगाळलो आहे.

अधिमान्यता म्हणजे नक्की काय? ‘लोकांचा कोर्टावर विश्वास आहे’ असं म्हटलं की झालं ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आमच्या घरात बांधाचा एक दावा होता. शेजारच्या अण्णांशी, जेमतेम दोन हात रुंदीच्या पट्टीवरून. आजोबा तालुक्याला हरले, जिल्ह्याला अपील केलं, तिथेही हरले. मग सरकारी मोजणी झाली आणि हद्दीचा दगड आमच्या बाजूला सरकला. तो दगड उपटून नव्या खड्ड्यात बसवला तो आजोबांनीच. तोंडात शिव्या होत्या, जज्जला, वकिलाला, अण्णांना, पण पहार त्यांच्याच हातात होती. निकाल चुकीचा होता असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. दगडाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

अधिमान्यता म्हणतात ती ही. निकाल पटलेला नाही, पण तो देण्याचा अधिकार त्या संस्थेचा आहे हे मान्य आहे. जिंकलेल्या माणसाला विचारून ती कळत नाही, कारण जिंकलेल्याला काहीच सोसावं लागत नाही.

राज्यशास्त्रात हा फरक नीट मांडला डेव्हिड ईस्टन यांनी, 1965 च्या आसपास. एखाद्या निर्णयामुळे वाटणारी खुशी किंवा नाराजी वेगळी आणि संस्थेविषयी वर्षानुवर्षं साठत गेलेला सद्भाव वेगळा, असं त्यांचं म्हणणं. पहिली गोष्ट रोज वर-खाली होते. दुसरी हळूहळू जमते आणि अडचणीच्या वेळी खर्ची पडते. मराठीत याला आयता शब्द आहे : पुण्याई. पुढेही मी तोच वापरणार आहे, कारण ‘अधिमान्यता’ हा शब्द परीक्षेबाहेर कुणी उच्चारलेला मी फारसा ऐकलेला नाही.

पण कोर्टालाच ही पुण्याई एवढी का लागते? पोलीस आहेतच की.

पोलीस सरकारचे आहेत, कोर्टाचे नाहीत. कोर्टाचा म्हणून बेलिफ असतो, तोही नोटिसांचा गठ्ठा घेऊन एसटीची वाट बघणारा. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1788 मध्ये अमेरिकी राज्यघटनेची बाजू मांडताना हेच लिहिलं होतं : तलवार कार्यकारी सत्तेकडे, तिजोरी कायदेमंडळाकडे आणि न्यायालयाकडे फक्त निवाडा.

सरकारने मनावर घेतलं तर काय होतं? 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तीन वर्षांनी आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पाय ठेवायचा होता, तेव्हा राज्याच्या गव्हर्नरने त्यांना अडवायला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, उभं केलं. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कराची 101 वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली तेव्हा मुलं वर्गात पोहोचली. आयझेनहॉवर गप्प बसले असते तर न्यायालयाच्या हातात निकालपत्राशिवाय काही नव्हतं.

जर्मनीतलं उदाहरण जास्त बोलकं आहे. कार्ल्सरूहे इथलं तिथलं घटना न्यायालय लोकांच्या फार आदराचं. त्याने 1995 मध्ये बव्हेरियातल्या सरकारी शाळांच्या वर्गांत क्रूस लावण्याची सक्ती रद्द केली. बव्हेरियात संतापाची लाट उसळली आणि राज्य सरकारने नवा कायदा करून क्रूस भिंतीवरच ठेवले, फक्त पालकांना हरकत घेण्याची सोय दिली. जॉर्ज व्हॅनबर्ग यांनी या न्यायालयाच्या अभ्यासातून एक साधं सूत्र मांडलं. लोक न्यायालयाच्या पाठीशी असतील आणि सरकारची पळवाट लोकांना स्पष्ट दिसत असेल, तर सरकार निकाल मानतं. दोन्हींपैकी एक जरी कमी पडलं तरी पळवाट निघते.

‘लोकशाहीचा सामाजिक पाया’ ही कल्पना पाश्चात्त्य अभ्यासकांची ना?

संदर्भसूच्यांत तसंच दिसतं. सीमोर मार्टिन लिपसेट यांनी 1959 मध्ये लोकशाहीचा संबंध आर्थिक विकासाशी आणि शिक्षणाशी जोडला. 1963 मध्ये आल्मंड आणि व्हर्बा यांनी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांत लोकांची मनं तपासून ‘नागरी संस्कृती’ची मांडणी केली. 1993 मध्ये रॉबर्ट पुटनम यांनी इटलीच्या प्रादेशिक सरकारांवर लिहिलं. सरकारं सगळीकडे कागदावर सारखीच बसवलेली, तरी उत्तरेत ती नीट चालली आणि दक्षिणेत रखडली. पुटनम यांनी कारण शोधलं ते गायनमंडळांत आणि फुटबॉल क्लबांत, म्हणजे लोकांना एकत्र काम करण्याची किती सवय आहे यात.

पण लिपसेट यांच्या निबंधाच्या सात वर्षं आधी, 22 डिसेंबर 1952 रोजी, पुण्यात जिल्हा विधी ग्रंथालयात वकिलांसमोर एक भाषण झालं. वक्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, विषय लोकशाही यशस्वीपणे चालण्यासाठी आधी काय असावं लागतं. त्यांनी सांगितलेल्या अटी अशा : समाजात ढळढळीत विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायद्यापुढे आणि कारभारातही समान वागणूक मिळावी, सांविधानिक नीतिमत्ता (राज्यघटनेची चौकट आणि संकेत मनापासून मानण्याची वृत्ती) पाळली जावी, बहुमताची अल्पमतावर जुलूमजबरदस्ती नसावी, समाजात नैतिक व्यवस्था जिवंत असावी आणि सार्वजनिक विवेक जागा असावा. शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अन्याय आपल्यावर झाला नसला तरी चीड यायला हवी, असा तिचा अर्थ.

त्याआधी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की सांविधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते, आणि भारतातली लोकशाही म्हणजे मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या मातीवर वरवर पसरलेला थर आहे. सामाजिक पाया म्हणजे काय, हे याहून नेमकं सांगणारं वाक्य मला तरी पुढच्या संशोधनात सापडलं नाही. वकिलांच्या ग्रंथालयातलं ते भाषण आपल्याकडच्या राज्यशास्त्राच्या किती वर्गांत वाचून घेतात, ते ज्याने-त्याने आपापल्या कॉलेजात बघावं.

म्हणजे मंडळं, क्लब, तालमी असल्या की लोकशाही मजबूत?

तसं असतं तर आपल्याकडे गणेशमंडळांच्या जोरावर रामराज्य आलं असतं. शेरी बर्मन यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं की हिटलरच्या आधीच्या जर्मनीत संघटनांचं जाळं दाट होतं आणि नाझींनी तेच जाळं वापरलं. मंडळ आहे की नाही यापेक्षा मंडळात कोण कोण बसतं, हे महत्त्वाचं.

आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांच्या जोड्या लावून नेमकं हेच तपासलं. हिंदू आणि मुसलमान एकाच व्यापारी संघटनेत, एकाच युनियनमध्ये असतील तिथे अफवा दंगलीपर्यंत पोहोचत नाही. नुसतं शेजारी राहणं, सणाला शिरखुर्मा पाठवणं, एवढं मोठ्या शहरात पुरत नाही. त्यांच्या लेखनात भिवंडीचाही उल्लेख येतो. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेलं हे गाव. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बसवल्या, दोन्ही समाजांची माणसं दर थोड्या दिवसांनी समोरासमोर. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

पुण्याई मोजतात कशी?

प्रश्न विचारून, आणि प्रश्न कसा विचारला यावर सगळं अवलंबून. जेम्स गिब्सन आणि ग्रेगरी काल्डेरा या जोडीने तीस-चाळीस वर्षं यावर काम केलं आहे. ‘कोर्टाचं काम कसं वाटतं?’ असं ते विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न साधारण असा : बहुतेकांना न पटणारे निकाल न्यायालय सतत देऊ लागलं, तर ते बंदच करून टाकावं का? त्याचे अधिकार छाटावेत का? ‘नाही’ म्हणणारा माणूस पुण्याईच्या खात्यात धरायचा, मग तो कालच्या निकालावर कितीही चिडलेला असो.

मोजणीतली गंमतही त्यांनीच पकडली. अमेरिकी मतदारांना आपलं न्यायालय माहीतच नसतं, असा एक लाडका समज होता. 2000 च्या राष्ट्रीय निवडणूक सर्वेक्षणात विचारलं होतं, विल्यम रेनक्विस्ट कोण? रेनक्विस्ट तेव्हा सरन्यायाधीश होते. अनेकांनी उत्तर दिलं, ‘सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश’. हे उत्तर चूक धरलं गेलं, कारण उत्तरात ‘सरन्यायाधीश’ हा हुद्दा नव्हता! या दोघांनी मूळ उत्तरं काढून पुन्हा वाचली, तेव्हा अडाणी ठरवलेल्यांतले बरेच जण तसे जाणकारच निघाले. सर्वेक्षणाची टक्केवारी छापणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा वाचावी.

काळा कोट, उंच आसन, हातोडा… यांनी खरंच काही फरक पडतो?

पडतो, असं प्रयोग सांगतात. गिब्सन आणि सहकाऱ्यांचा 2014 चा एक अभ्यास हरलेल्यांवरच होता. न पटणारा निकाल लोकांपुढे ठेवायचा, काहींना न्यायालयाची इमारत, झगा अशी चिन्हं दाखवायची, काहींना नाही. ज्यांच्या मनात आधीच थोडा सद्भाव होता, त्यांचा तो चिन्हं पाहून जागा होतो आणि निकाल गिळणं सोपं जातं. यामागची त्यांची मांडणी अशी की कोर्ट वादात सापडलं तरी लोकांची नजर त्याच्याकडे वळते, नजरेबरोबर ही चिन्हं येतात आणि कोर्ट म्हणजे राजकारण्यांपेक्षा काहीतरी वेगळं, ही भावना घट्ट होते.

आपल्याकडे हातोडा नाही, तो सिनेमावाल्यांनी आणला. आपल्याकडे आहे तो पट्टेवाल्याचा पुकारा. व्हरांड्यात विड्या विझतात, बायका पदर सावरतात, म्हातारा पक्षकार चपला दाराबाहेर काढून आत जातो. देवळासारखा. चपला काढा असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीची चर्चा झाली, डोळ्यांवरची पट्टी गेली आणि हातात तलवारीऐवजी संविधान आलं. त्यावर बरेच अग्रलेख पडले. मला विचाराल तर त्या काढलेल्या चपला जास्त अभ्यासण्यासारख्या आहेत, कारण त्यांत आदर किती आणि धाक किती हे कुठलीही प्रश्नावली अजून वेगळं करू शकलेली नाही.

लोक हरूनही निकाल मानतात ते शिक्षेच्या भीतीने?

टॉम टायलर यांनी 1984 मध्ये शिकागोत 1,575 लोकांना हेच विचारलं आणि त्यांतल्या अनेकांकडे वर्षभराने पुन्हा गेले. भीतीचा वाटा दिसला, पण अपेक्षेपेक्षा लहान. पोलीस आणि कोर्टाचा अनुभव घेतलेल्यांच्या मनात राहिलं ते हे : माझं म्हणणं ऐकून घेतलं का, समोरचा तटस्थ होता का, माझ्याशी माणसासारखं वागले का. आपल्या बाजूने निकाल लागला की नाही, याहून या गोष्टींचं वजन जास्त निघालं.

तालुक्याच्या कोर्टात याचा अर्थ फार रोकडा आहे. पहाटे उठून आलेला पक्षकार बारा वाजता ‘पुढची तारीख’ ऐकून परततो. त्याला काहीही बोलायला मिळालेलं नसतं. निकाल दहा वर्षांनी त्याच्या बाजूने लागेलही, पण पुण्याई त्या दहा वर्षांत खर्च होत असते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत आज चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत.

एखादा निकाल फारच चुकला तर पुण्याई संपते का?

यावर अभ्यासकांत जुंपलेली आहे.

2000 मध्ये अमेरिकी न्यायालयाने फ्लोरिडातली फेरमोजणी थांबवली आणि बुश अध्यक्ष झाले. न्यायालयाचं नाक कापलं जाणार, असं सगळे म्हणत होते. गिब्सन आणि काल्डेरा यांच्या पाहणीत पुण्याई जवळपास शाबूत निघाली. 2013 मध्ये बार्टल्स आणि जॉन्स्टन यांनी त्यांना आव्हान दिलं : लोक न्यायालयाला आपल्या राजकीय कलानेच तोलतात, तुमच्या मोजपट्टीत ते दिसत नाही. मग 24 जून 2022 रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा डॉब्ज निकाल आला. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या पाहणीत न्यायालयावर भरवसा सांगणारे निकालाच्या आधीच 25 टक्क्यांवर आले होते, कारण निकालाचा मसुदा मे महिन्यातच फुटला होता. या निकालाने मूळ पुण्याईलाही धक्का लावला, हे पुढे खुद्द गिब्सन यांनी लिहिलं. आयुष्यभर जपलेल्या सिद्धांताला स्वतःच तडा दाखवणारे अभ्यासक विरळा.

आपल्याकडचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयातला एडीएम जबलपूर खटला. 28 एप्रिल 1976, आणीबाणी. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं की अटक झालेला माणूस कोर्टाचं दारही ठोठावू शकत नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि सरन्यायाधीशपद गमावून बसले. पुढच्या दशकात जनहित याचिकांचं युग आलं. त्यामागे आणीबाणीत मळलेली प्रतिमा धुऊन काढण्याची धडपडही होती, असं कायद्याचे अभ्यासक उपेंद्र बक्षी यांनी लिहिलं आहे. हे पटण्यासारखं आहे. त्या निकालाचं भूत कायद्याने उतरलं ते 2017 मध्ये, खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना.

टीका केल्याने कोर्टाची पुण्याई कमी होते का? मग अवमानाचं काय?

अवमानाच्या कायद्यावर वकिलाला विचारा. पुण्याईबद्दल मात्र मथुरा प्रकरण आठवा. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्काराचा आरोप, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. 1979 मध्ये कायद्याच्या चार अभ्यासकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. त्या चौघांना कोर्ट नको असतं तर त्यांनी पत्र पाठवलंच नसतं. आंबेडकरांची सार्वजनिक विवेकाची अट अशी दिसते.

नव्या लोकशाहीत, जिथे कोर्टच नवं आहे, तिथे पुण्याई कुठून आणायची?

दक्षिण आफ्रिकेचं घटना न्यायालय बघा. वर्णभेदाच्या राजवटीत कायदा हेच छळाचं हत्यार होतं, त्यामुळे खात्यात जमा शून्य. 1995 मध्ये या नव्या न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली, लोकमत उलट आहे हे माहीत असूनही. गिब्सन यांनी वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगावर तिथे मोठी पाहणी केली आणि न्यायालयावरही. जुन्या लोकशाह्यांतल्या न्यायालयांच्या मानाने याची मुळं उथळ निघाली, जे अपेक्षितच होतं. जोहान्सबर्गमध्ये न्यायालयाची इमारत जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभी आहे आणि पाडलेल्या कोठड्यांच्या विटा तिच्यात वापरल्या आहेत. त्या विटा रोज पुण्याईचं काम करत असणार, मोजलं नसलं तरी.

भारतात असं संशोधन आहे का?

आहे, पण विरळ. दिल्लीतल्या लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांत संस्थांवरच्या विश्वासाचे प्रश्न असतात आणि न्यायालयं त्यांत पक्षांपेक्षा, पोलिसांपेक्षा वर दिसतात. अडचण अशी की ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणणारा माणूसही ‘कोर्टावर विश्वास आहे’ असंच सांगतो. त्याला ही विसंगती वाटत नाही. मनातलं कोर्ट दिल्लीतलं, पायरी तालुक्याची.

निक रॉबिन्सन यांनी सर्वोच्च न्यायालयातली प्रकरणं मोजली, तेव्हा दिल्ली आणि आसपासच्या राज्यांतून येणारी अपिलं खूपच जास्त निघाली. अंतराचा पुण्याईशी संबंध असणारच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चार दशकं आंदोलनं केली, तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे त्याचं फिरतं खंडपीठ, सुरू झालं. एखाद्या संशोधकाला याहून चांगला नैसर्गिक प्रयोग मिळायचा नाही. सहा जिल्ह्यांत आधी आणि नंतर काय बदललं, हे आत्ताच जाऊन विचारायला हवं. भाषेचंही तसंच : तालुक्याला मराठी, उच्च न्यायालयात इंग्रजी. अपील वर गेलं की पक्षकार स्वतःच्याच दाव्यात मुका होतो. टायलर यांचं ‘म्हणणं ऐकून घेतलं का’ इथे कसं लावायचं?

मला यावर प्रबंध करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्नावली इंग्रजीतून उतरवू नका. ‘न्यायसंस्था’ हा शब्द तर टाळाच, लोकांना वाटतं पेपरातलं विचारताय. ‘कोर्ट’ म्हणा आणि कुठलं कोर्ट ते आधी ठरवून घ्या.

जिंकलेल्यांकडे कमी वेळ घालवा. ज्यांच्याविरुद्ध हुकूमनामा झाला, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लागली, ताबा गेला, त्यांना शोधा. वकिलाच्या खोलीत विचारू नका, तिथे सगळेच कोर्टाचं कौतुक करतात. कॅन्टीनमध्ये किंवा नकलेच्या खिडकीशी उभे राहा. निकालाची नक्कल घ्यायला हरलेला माणूसही येतो, आणि ती घडी घालून पिशवीत ठेवताना तो जे बोलतो ते टिपून घ्या.